फडावरची माणसं

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं, "तू नक्की करतेस काय?" क्लिनिकल ट्रायल म्हटलं की लोकांना एक तर उंदीर आठवतात, नाहीतर फसवणूक. माझं काम साधं आहे. एखादं औषध किंवा तपासणी माणसांना उपयोगी पडते का, हे पाहायला माणसं लागतात. ती शोधायची, समजावून सांगायचं आणि शेवटच्या तपासणीपर्यंत टिकवायची. तेही थोड्या पैशात.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात माणसं मिळतात. पण जी तिथवर पोहोचतात तीच. मग उत्तरही त्यांच्यापुरतंच निघतं. आपल्याच भागातलं उदाहरण सांगते. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या बायकांमुळे जगाला एक उत्तर मिळालं, हे खरं.

आता ऊसतोडीचं. दसरा झाला की बीडकडच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सहा महिन्यांचा अभ्यास दिवाळीला सुरू केलात, तर कागदावर सगळे 'गळाले' दिसतील. ते गळालेले नसतात, फडावर असतात. म्हणून कॅलेंडर कारखान्याच्या हंगामावर बेतायचं. याला पैसा लागत नाही, फक्त आधी विचारावं लागतं. फोनचंही तसंच. तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो आणि नंबर बदलतो. मग गावात राहिलेल्या सासूचा, बहिणीचा नंबरही बाईला विचारून घ्यायचा.

सगळ्यात स्वस्त वाट मुकादमाची. त्याला सांगितलं तर एका संध्याकाळी पन्नास माणसं रांगेत उभी राहतील. माझे हिशेब पाहणारे साहेब दरवर्षी हेच सुचवतात. पण ज्याच्याकडून उचल घेतलीय, त्याला 'नाही' कोण म्हणणार? ती संमती नव्हेच. त्यात २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला. 'डॉक्टरकडून आलेय' म्हटलं की बायका मागे सरकतात, आणि मला त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. म्हणून आशाताईंबरोबर जायचं, पहिल्या दिवशी सही मागायची नाही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा. तो नियमच आहे. दुसऱ्यांदा गेल्यावर बाई म्हणाली, "नको", तर चहा पिऊन उठायचं. ती वेळ वाया गेली असं मी धरत नाही.

पैसे कुठे घालायचे, तर पोस्टरवर नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, म्हणजे खाडा, यावर. ही रक्कम एथिक्स कमिटीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. ती इतकी मोठीही नको की बाई पैशासाठीच हो म्हणेल.

आपल्या तुकडीतले चौघं केज-धारूरकडे शिक्षक आहेत. कोणतं घर कधी गेलं, हे तुमच्या हजेरीपटाला सगळ्यांआधी कळतं. मला नावं नकोत, देऊही नका. फक्त गावात टोळ्या कोणत्या आठवड्यात परततात, तेवढं कळवा. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात आहे.