ट्रान्झिस्टरचं दुसरं काम

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच. आतल्या तीन पायांच्या चिमुकल्या घटकाचं नाव सगळ्या पेटीला पडलं होतं. आवाज मोठा करणं हे त्याचं काम, असंच आपण धरून चालतो. पण गिटारवादक पायानं दाबतात त्या फेझर नावाच्या डबीत हाच घटक निराळी कामगिरी करतो.

अमेरिकेतल्या एमएक्सआर कंपनीचा १९७४चा 'फेज ९०' घ्या. नारिंगी डबी, ९ व्होल्टची बॅटरी आणि वेगाचं एकच बटण. आत गिटारचा आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ, दुसरी चार टप्प्यांची. हे टप्पे आवाजाचा जोर बदलत नाहीत. लाट फक्त मागे सारतात, आणि तीही प्रत्येक स्वराला वेगळ्या मापानं. शेवटी दोन्ही वाटा मिळतात. जिथे एक लाट वर आणि दुसरी त्याच क्षणी खाली असते, तिथे त्या एकमेकींना पुसून टाकतात. चार टप्प्यांमुळे आवाजात अशा दोन खाचा पडतात. त्या सरकू लागल्या की आवाज गरगरतो.

त्यांना सरकवतो ट्रान्झिस्टर. टप्प्यातला कपॅसिटर ठरलेला असतो. विजेला होणारा अडथळा बदलला की खाच हलते. म्हणून इथे 'फील्ड इफेक्ट' जातीचे चार ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. त्यांच्या 'गेट' नावाच्या पायावर ऋण व्होल्टेज वाढलं की आतली वाट अरुंद होते, घटलं की रुंद. शेताच्या पाटाला असलेलं दारच म्हणा ना! एक संथ आंदोलक चारही दारांना एकाच वेळी इशारा देत राहतो.

आता गोम अशी, की एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टरही सारखे नसतात. एक दार दोन व्होल्टला पुरतं मिटेल, दुसऱ्याला तीन लागतील. इशारा एकच असल्यानं चौघांचा मेळ जमावा लागतो. म्हणून ते मोजून, जुळवून निवडतात. कवितेतही नुसती अक्षरं मोजून लय साधत नाही, कानानं पारखावं लागतं, तसंच हे.

माझा भाचा लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याच्या जुन्या फेझरमधून आवाज यायचा, पण गरगर नाही. एका दुकानात सांगितलं, सर्किट गेलं, नवा घ्या. ऐन लग्नसराईत तो खर्च म्हणजे घरातला किराणा थांबणार. त्यानं झाकण उघडलं. गेटचं मूळ व्होल्टेज ठरवणारा एक छोटा स्क्रू आत असतो. तो सरकला, तर दारं कायम मिटलेली किंवा कायम उघडी राहतात. इशारा येतो, पण कुणी हलत नाही. स्क्रू हळूहळू फिरवताच आवाज पुन्हा गरगरला.

"मामू, एकही पार्ट बदलला नाही," तो म्हणाला.

श्रोतेहो, वस्तू टाकून देण्याआधी तिचं काम समजून घ्यावं. पुष्कळदा बिघाड नसतोच. मेळ तेवढा सुटलेला असतो.