बियाण्याची किल्ली कोणाच्या हाती?

(जवाहरनगर, जिल्हा भंडारा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणीनंतर बांधीत पाणी तुंबून राहते, चिखलातील प्राणवायू संपतो आणि तेथील जीवाणू मिथेन निर्माण करू लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. चैनीसाठी जाळलेल्या तेलाचा धूर आणि पोटासाठी पिकविलेल्या धानाचा वायू एकाच तराजूत तोलणे हा अन्याय होय. तथापि पाऊस बिघडला की पहिला फटका कोरडवाहू धानकऱ्यालाच बसतो. म्हणून हा प्रश्न त्याचाही आहे.

4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी 'कमला' हे धानाचे वाण जाहीर केले. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा महसुरी या वाणाच्या जनुकात क्रिस्पर तंत्राने नेमका बदल करून ते सिद्ध केले. बीटी कापसाप्रमाणे यात परक्या जीवाणूचे जनुक नाही. उत्पादन 19 टक्क्यांनी अधिक आणि पीक सुमारे 20 दिवस आधी तयार, असा सरकारी दावा आहे. दिवस घटले की पाणी वाचते आणि बांधी तुंबून राहण्याचा काळ घटल्याने मिथेनही घटतो. हा तर्क बरोबर आहे. मात्र चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत. तेव्हा त्यांची स्वतंत्र तपासणी बांधीवरच व्हावयास हवी.

खरा पेच पुढेच आहे. वाण जनतेच्या पैशातून घडले. परंतु ज्या तंत्राने घडले त्याची मूळ पेटंटे परदेशी विद्यापीठांच्या व कंपन्यांच्या हाती आहेत. 2002 पासून बीटी कापसाच्या पाकिटात स्वामित्वशुल्क दडून आले, आणि 2015 मध्ये सरकारला किंमत-नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. विदर्भाने याची किंमत मोजली आहे.

याउलट, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी कसलीही प्रयोगशाळा नसताना वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हे वाण घडविले. ते अनेक राज्यांत पसरले, व्यापाऱ्यांनी त्यावर पैसा केला; दादाजी मात्र 2018 मध्ये विपन्नावस्थेत वारले. जीवतंत्रज्ञानाला विरोध करणाऱ्या आपल्या काही मित्रांनी हेही ध्यानात घ्यावे की, देशी बियाणे असले म्हणजे शोषण टळते असे नाही.

जवाहरनगरच्या कामगारांना हे वेगळे सांगावयास नको. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या निर्माण झाल्या. मालकी सरकारचीच म्हणतात. पण तेव्हापासून हिशेबाची भाषा बदलली.

म्हणून मागणी नेमकी असावी. क्रिस्परच्या परवान्याच्या अटी बियाणे वाटण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हाव्यात. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा जो हक्क दिला आहे, तो 'कमला'लाही लागू राहील, असे सरकारने लेखी द्यावे. आणि हे बियाणे महाबीजमार्फत उत्पादनखर्चात मिळावे. येत्या खरिपापूर्वी या तीन मागण्यांचे निवेदन तालुक्या-तालुक्यातून गेले पाहिजे.