चाकांवरील वेधशाळा
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विवाहविधीत वधूस ध्रुव व अरुंधती दाखविण्याचा आपला प्रघात आहे. परंतु आज शहरातील मंगल कार्यालयाच्या अंगणातून अरुंधती कितीजणांस दिसते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार मानवजातीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांस राहत्या ठिकाणाहून आकाशगंगाही दिसत नाही. आपल्या शहरवासी कुटुंबांची मुले याच लोकांत मोडतात.

शहरातील दिवे विझविणे आपल्या हाती नाही. दुर्बीण अंधाराकडे नेणे मात्र आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील वेदान्त मठात साधू असलेल्या जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी स्वहस्ते दुर्बिणी घडविल्या व त्यांस चाके लावून त्या लोकांपर्यंत नेल्या. तोच मार्ग अनुसरून मोटारीमागे जोडावयाचा एक ट्रेलर आपण सिद्ध करावा, अशी माझी सूचना आहे.

त्याच्या रचनेतील मर्म एकच. प्रवासात दुर्बीण गाडीवर असावी, परंतु कामाच्या वेळी ती जमिनीवर उभी असावी. गाडीचा सांगाडा कमानींवर डोलतो. आत कोणी पाऊल टाकले तरी तारा छायाचित्रात रेघ होऊन उमटतो. म्हणून तळाच्या फळीस भोक ठेवून दुर्बिणीचा स्तंभ त्यातून भुईवर टेकवावा. त्याचा गाडीस स्पर्शही होऊ नये. छप्पर सरकते असावे. वाहतुकीत भार आसाच्या किंचित पुढे असावा. मागे जड झालेला ट्रेलर रस्त्यावर झोले खातो.

पृथ्वीच्या भ्रमणामुळे आकाश दर मिनिटास सुमारे पाव अंश सरकते. त्याचा पाठलाग करणाऱ्या यंत्राचा आस पृथ्वीच्या आसास समांतर हवा; म्हणजे पुण्यास सुमारे साडेअठरा अंश, नागपुरास एकवीस अंश उचललेला. मुक्काम बदलला की ही जुळणी पुन्हा करावी लागते. मग एकेक मिनिटाची साठ छायाचित्रे संगणकाने एकावर एक बसविली असता, डोळ्यास न दिसणारा तेजोमेघही स्पष्ट होतो. यंत्र, कॅमेरा, संगणक व दव निवारणारी उष्ण पट्टी मिळून साठ वॅट वीज लागते असे धरल्यास, दहा तासांस सहाशे वॅट-तास होतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत त्याच्या दुप्पट साठा असतो.

आपल्यात लोहकाम जाणणारे आहेत, विजेचे कारागीर आहेत, वाहनांच्या नोंदणीचे नियम जाणणारेही आहेत. शिष्यवृत्तीच्या निधीस हात न लावता स्वतंत्र वर्गणी काढावी. प्रत्येक घरी छोटी दुर्बीण धूळ खात पडण्यापेक्षा सर्वांची एक उत्तम दुर्बीण असावी. पावसाळ्यात ती कोरड्या जागी जपावी. उरलेल्या आठ महिन्यांत अमावास्येच्या सुमारास गावोगावी न्यावी. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, इतका अंधार आपल्या राज्यात अद्याप शिल्लक आहे.

अखेरची विनंती. गाडी संस्थेची असली तरी दुर्बिणीपुढील रांग सर्वांस मोकळी असावी. डॉब्सन यांनी पदपथावर कोणाचे कुळ विचारले नाही. संस्था आपली आहे. आकाश साऱ्यांचे आहे. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा सहानुभूतीने विचार करावा, एवढे प्रार्थून मी आपली रजा घेतो.