स्वित्झर्लंड आणि आपली पश्चिमेची भिंत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मे महिन्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारून पाहा, रात्री झोप किती वाजता लागते? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पंखा लावला तर वरची गरम हवाच अंगावर येते. गच्चीवर पाणी मारा, खिडकीला ओले पडदे लावा, असले सगळे उपाय करून झाले की माणूस शेवटी हप्त्याने एसी घेतो. त्या एसीची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारीही एसी घेतो.

हा घरगुती प्रश्न आता जागतिक परिषदांच्या टेबलावर गेला आहे. ऊर्जेच्या वापरातून आणि उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडला जातो, त्याचा सुमारे एक तृतीयांश वाटा इमारती बांधण्याचा आणि वापरण्याचा आहे. २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत इमारतींसाठी एक जागतिक आघाडी स्थापन झाली. २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत फ्रान्स आणि मोरोक्को यांनी पुढाकार घेऊन आणखी एक मोहीम जाहीर केली. मार्च २०२४ मध्ये पॅरिसला खास इमारती आणि हवामान या विषयावर परिषद भरली आणि सुमारे सत्तर देशांनी एका जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. कमी प्रदूषण करणाऱ्या आणि बदलत्या हवामानात टिकणाऱ्या इमारती उभारायच्या, असा त्याचा आशय. या जाहीरनाम्यांची मला चेष्टा करायची नाही. पण स्थापत्य अभियांत्रिकी शिकवण्यात आणि बांधकामांवर उन्हात उभे राहण्यात माझी हयात गेली. त्यामुळे पॅरिसमधला शब्द गवंड्याच्या थापीपर्यंत पोचतो कसा, इकडेच माझे लक्ष जाते.

परदेशी मदतीने घरे बांधण्याचा आपल्या महाराष्ट्राचा सर्वांत मोठा अनुभव किल्लारीच्या भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, अशी तिथली घरे होती. ती उन्हाळ्यात थंड असत, आणि त्या पहाटे तीच अंगावर कोसळली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, बावन्न गावे नव्या जागी वसली. लोकांनी दगडाचा धसका घेतला होता, त्यांनी स्वतःच सिमेंटची घरे मागितली. ते अगदी साहजिक होते. नव्या घरांनी भूकंपाची भीती घालवली, पण त्यांतल्या कितीतरी घरांत मराठवाड्याचा उन्हाळा मात्र सरळ आत आला. पडणार नाही आणि तापणारही नाही, असे घर एकाच वेळी बांधता येते का, हा प्रश्न त्या घाईत मागेच राहिला. संकटानंतर येणाऱ्या मदतीचे हे असे होते. तिला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ असतो.

म्हणून मला संकटाच्या आधी झालेल्या सहकार्याबद्दल बोलायचे आहे. त्यातला एक देश आहे स्वित्झर्लंड.

आता कुणी म्हणेल, जिथे सहा महिने बर्फ पडते ते लोक आम्हाला उकाड्याबद्दल काय शिकवणार? माझ्याही विद्यार्थ्यांनी हे विचारले होते. पण उष्णतेला दिशा कळत नाही. ती जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जाते, एवढेच तिला ठाऊक. स्विस माणूस तिला घराबाहेर जाऊ देत नाही, आपल्याला ती आत येऊ द्यायची नाही. भिंत, खिडकी आणि छत यांमधून ती किती वेगाने जाते, याचे गणित दोघांचे एकच. ते गणित त्यांनी बारकाईने केलेले आहे, कारण तिथे भिंतीत चूक झाली तर हिवाळ्यात इंधनाचे बिल दारात येते.

२०११ मध्ये भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात इमारतींतील ऊर्जेच्या बचतीसाठी करार झाला आणि तो प्रकल्प २०२१ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे चालला. आपल्याकडून ऊर्जा मंत्रालयाचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि त्यांच्याकडून तिथली विकास सहकार्य संस्था, असे दोघे त्यात होते. या कामातून १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘इको-निवास संहिता’ आली. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आपल्याकडे २००७ पासून संहिता होती, पण राहत्या घरांना काहीच नव्हते. देशातले बहुतेक बांधकाम तर घरांचेच आहे.

या संहितेतला मला सर्वांत आवडलेला भाग अगदी साधा आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मिळून, दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॉट उष्णता आत येऊ द्यायची, याची तिने मर्यादा घातली. थंड प्रदेश सोडून सगळीकडे ही मर्यादा पंधरा वॉट. समजा, तुमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती खिडक्यांसकट पन्नास चौरस मीटर आहेत. पन्नास गुणिले पंधरा, म्हणजे साडेसातशे वॉट. घरात एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखे झाले. आणि हे संहिता पाळणाऱ्या घराचे. न पाळणाऱ्या घरात किती इस्त्र्या चालू असतील, ते तुम्हीच पाहा.

आता आपल्या शहरांत काय चालले आहे? अॅल्युमिनियमच्या साच्यात आख्खी भिंत काँक्रीटची ओतायची, ही पद्धत बाहेरून आली आणि उंच इमारतींमध्ये रुळली. काम झपाट्याने होते, भूकंपालाही इमारत मजबूत. पण सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी उष्णता आठ इंची हलक्या, जाळीदार सिमेंट ब्लॉकच्या भिंतीतून येते. सांगाडा मजबूत काँक्रीटचा आणि बाहेरची भिंत हलक्या ब्लॉकची, असे केले तर किल्लारीच्या त्या राहून गेलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. फक्त ते उत्तर नकाशा काढतानाच द्यावे लागते. इमारत उभी राहिल्यावर पश्चिमेची भिंत कुणाला बदलता येत नाही.

खिडकीचे प्रकरण तर आणखी मजेचे आहे. युरोपात ऊन अडवणाऱ्या झडपा खिडकीच्या बाहेर असतात. आपण पडदा आतून लावतो. ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता होते, आणि ती काचेबाहेर सहजासहजी जात नाही. मग तुम्ही कितीही जाड पडदा ओढा, चोर घरात शिरल्यावर दाराला कडी घातल्यासारखे ते आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या आणि वर छज्जा होता. हे शहाणपण आपल्याकडे होतेच. आपण ते टाकले आणि परदेशातून काचेच्या भिंती आणल्या, ज्या तिकडे हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हासाठी होत्या. देवाणघेवाणीत नेमकी नको ती वस्तू उचलण्याचे आपले कौशल्य वाखाणण्यासारखे आहे.

सरकत्या खिडक्यांचेही तसेच. दोन तावदानांची सरकती खिडकी केव्हाही अर्धीच उघडते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत वारा हाच खरा एसी, म्हणून संहिता म्हणते की घराच्या चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश इतकी जागा उघडता आली पाहिजे. साठ चौरस मीटरच्या घराला दहा चौरस मीटर. काच किती चौरस मीटर आहे हे तिथे मोजत नाहीत, उघडते किती ते मोजतात.

राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतल्या एका वसाहतीत स्विस आणि भारतीय तज्ज्ञांनी आराखड्याच्या वेळीच एकत्र बसून हा विचार केला. हजारावर घरे, सगळी बेताच्या उत्पन्नाच्या लोकांची. उष्णता कमी आत सोडणाऱ्या भिंती, नीट उघडणाऱ्या खिडक्या आणि इमारतीच्या डक्टमधून वारा खेळवण्याची सोय, एवढ्यावर भर. ऐन उन्हाळ्यात दुपारचे घरातले तापमान सुमारे पाच अंशांनी खाली राहील, असे त्यांचे गणित होते. एसी परवडणाऱ्याला पाच अंश म्हणजे बिलातला फरक. न परवडणाऱ्याच्या घरात म्हातारे माणूस आणि तान्हे मूल असते, तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो.

हे झाले घर वापरण्याचे. पण घर उभे करतानाच जो वायू सुटतो त्याचे काय? इथे सिमेंट येते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, आणि सिमेंट उत्पादनात चीननंतर आपला क्रमांक लागतो. यात नुसत्या कोळशाचा दोष नाही. चुनखडी भाजली की शंभर किलोमागे चव्वेचाळीस किलो वायू तिच्या पोटातूनच निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच.

यावर ज्यांनी काम केले ती मंडळी तीन खंडांतली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापिका कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातल्या सांता क्लारा येथील विद्यापीठाचे फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्याकडच्या दिल्ली, मद्रास, मुंबई इथल्या आयआयटी. क्यूबाचे नाव ऐकून आश्चर्य वाटेल. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाचे इंधन आटले, सिमेंट मिळेना. गरज पडली की माणूस पायाखालची माती तपासतो. या मंडळींनी सिमेंटमधले क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा तो महागडा खडा, निम्म्यावर आणला. उरलेल्यात तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम. माती सात-आठशे अंशांवर भाजते, क्लिंकरला साडेचौदाशे अंश लागतात. सुटणारा वायू तीस ते चाळीस टक्क्यांनी घटतो.

भाजलेली माती म्हटल्यावर आपल्या जुन्या गवंड्यांना काय आठवेल? सुरखी! विटांचा भुगा चुन्यात मिसळून घाणीत मळायचा आणि त्यावर वाडे, पूल, धरणे उभी करायची. दक्षिणेतले १८९५ चे मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचे आहे. ‘आमच्याकडे हे सगळे आधीच होते’ असे म्हणून हात झटकायला ही जागा फार सोयीची आहे, पण तसे नाही. कुठली माती, किती अंशांवर, कुठल्या प्रमाणात, आणि चुनखडीशी तिचा रासायनिक संबंध नेमका कसा जुळतो, हे प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे तपासले तेव्हा ते प्रमाणित सिमेंट झाले. झाशीजवळ या सिमेंटचे नमुन्याचे घर बांधले गेले. दिल्लीतल्या स्विस वकिलातीच्या बांधकामातही ते वापरले गेले. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानक प्रसिद्ध केले.

किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खारा वारा काँक्रीटमध्ये मुरतो, आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे पडू लागतात. मुंबईत हे कितीतरी इमारतींत दिसावे अशी अवस्था. हे नवे सिमेंट त्या क्षाराला पुष्कळ चांगले अडवते. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरण्याच्या बाबतीत ते नेहमीच्या सिमेंटपेक्षा थोडे दुबळे आहे. त्यामुळे सळईवरचे कव्हर आणि पाणी मारणे यांत हयगय चालत नाही. आपल्याकडे हयगय किती होते, हे मी सांगायला नको.

मग अडते कुठे? मानक झाले, पण सार्वजनिक बांधकामात दरसूचीत ज्याचे नाव नाही ते अभियंता अंदाजपत्रकात लिहीत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. उद्या लेखापरीक्षकासमोर त्यालाच उभे राहायचे असते. संहितेचेही तसेच. केंद्राने ती लिहिली, पण बांधकामाचे नियम राज्याचे आणि परवाना महापालिकेचा. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, तरी शेवटी नकाशा तपासायला बसतो तो महापालिकेतला एक कनिष्ठ अभियंता, आणि त्याच्या टेबलावर अशा फायलींचा ढीग असतो. भिंतीतून किती वॉट येतात हे त्याला कुणी शिकवले आहे का? माझ्या मते दोन देशांच्या पुढच्या कराराचा पैसा आधी या टेबलावर खर्च व्हायला हवा. परिषदेतल्या फोटोत तो अभियंता दिसणार नाही, पण काम त्याच्याशिवाय व्हायचे नाही.

तोवर तुमच्यापैकी कुणी यंदा फ्लॅट बघत असेल, तर बिल्डरच्या कार्यालयात जिमखाना आणि पोहण्याचा तलाव दाखवून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. बाहेरची भिंत कशाची आहे? खिडकी पूर्ण उघडते की अर्धी? आणि झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला आहे का? तिसऱ्याचे उत्तर तो गुळमुळीत देईल. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा लहानसा बाण छापलेला असतो, तो तुम्हीच पाहून घ्या.