फुकट आहे ते हक्काने मागा
(कोल्हापूर येथे शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



दोन सऱ्यांत अंतर किती ठेवायचे, हे आमचा शेतकरी दैवावर सोपवीत नाही. दोन मुलांत अंतर किती असावे, हे मात्र तो दैवावर सोडतो. एका बाळंतपणाची झीज भरून येण्याआधी पुन्हा दिवस गेले, की बाईचे रक्त आटते, अंगावरचे मूल दुधाला मुकते, आणि घरी नांगर असो की माग, कामाचा एक हात कमी होतो. म्हणून संततिनियमनाविषयी बोलण्यात आम्हांस लाज वाटत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईस याचे केंद्र काढले. ते जन्माने ब्राह्मण. पण सनातन्यांनी त्यांचीही गय केली नाही. विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मांडला, की सरकारने आम जनतेत संततिनियमनाचा प्रचार करावा व साधनांची पुरेशी सोय करावी. ठराव फेटाळला गेला. श्रीमंताला अशा ठरावाची गरज नव्हती. त्याच्याजवळ पैसा होता आणि डॉक्टर होता. गरज होती ती तुम्हां-आम्हांस.

१९५२ साली देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, आणि आज ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निरोध आहे. रोज घ्यायची ‘माला-एन’ गोळी आहे. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यायची. ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. ‘अंतरा’चे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. तांबी जातीप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे पुरते, आणि मूल हवे झाले की काढता येते.

पण फुकट वस्तूलाही किंमत पडते. एस. टी. चे भाडे, बुडालेला रोज, सासूची संमती, आणि दवाखान्यात चारचौघांदेखत विचारणा झाली म्हणजे वाटणारी लाज, ही ती किंमत. ती बाईच भरते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची स्वतःची नसबंदी झालेली आढळली. जिच्या नवऱ्याने नसबंदी केली, अशी शंभरांत एकही भरली नाही! मूल दोघांचे, आणि सुरी मात्र एकीच्याच पोटावर, हा कुठला न्याय?

पुरुष म्हणतात, ताकद जाईल. हे धादांत खोटे आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी. पोट उघडावे लागत नाही, टाकाही लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. पौरुष तेच राहते, काही दिवस गेले की नांगरही धरता येतो. मात्र पहिले तीन महिने दुसरे साधन वापरावे व मग वीर्य तपासून खात्री करून घ्यावी.

दुसरी भीती खोटी नाही. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत सरकारने गरिबांवर नसबंदीची जबरदस्ती केली. त्याचा धसका अजून गेलेला नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत केले व सक्तीचेही केले. येथे त्यांचे ‘मोफत’ घ्यावे, ‘सक्तीचे’ घेऊ नये. शाळा पोराचे काही काढून घेत नाही. शरीरावर मात्र ज्याची त्याचीच सत्ता. किती मुले व केव्हा, हे सरकारने ठरवू नये, भटजीने ठरवू नये आणि सासूनेही ठरवू नये.

तेव्हा भगिनींनो, आशाताईंना सगळी साधने विचारा. एकच पुढे केले तर बाकीची कुठे आहेत म्हणून विचारा. त्रास काय होईल, ते समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. बंधूंनो, बायकोबरोबर दवाखान्यात जा, आणि पुढची शस्त्रक्रिया कोणाची, हा प्रश्न घरी आधी स्वतःला विचारा. उपकेंद्रात गोळ्या संपल्या असतील तर ग्रामसभेत उभे राहून जाब मागा. रेशनच्या दुकानात धान्य नसले तर आपण गप्प बसतो का? ही भीक नव्हे. तुमच्याच करातून भरलेले हे कोठार आहे.