धूळ जाते कुठे? सफाईयंत्राच्या सुधारणांची कथा

(लखनौ छावणीत राहणारे शाळेचे माजी विद्यार्थी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



लष्करी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून लखनौ छावणीत येणाऱ्या कुटुंबाची पहिल्याच उन्हाळ्यात येथील धुळीशी ओळख होते. मे महिन्यात दुपारभर लू वाहते, एखाद्या संध्याकाळी आकाश पिवळे पडते आणि आंधी सुटते. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी थोड्याच वेळात टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल असा थर बसतो. गंगा आणि तिच्या उपनद्यांनी युगानुयुगे वाहून आणलेल्या गाळाची ही धूळ आहे. गाळातील पोयट्याचे कण मिलिमीटरच्या सोळाव्या भागाहूनही लहान असतात आणि हाताला पिठासारखे लागतात. केरसुणी फिरली की त्यांतील बारीक कण जमिनीवरून उठतात, खोलीभर तरंगतात आणि काही वेळाने पुन्हा त्याच टेबलावर उतरतात. दरम्यान त्यांतील काही कण झाडणाऱ्याच्या श्वासाबरोबर आत गेलेले असतात.

धूळ हलवणे आणि धूळ काढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्हॅक्यूम क्लीनर या यंत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हा फरक हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास आहे. या यंत्रातील प्रत्येक मोठी सुधारणा एकाच प्रश्नाच्या उत्तरादाखल झाली: उचललेली धूळ शेवटी जाते कुठे?

छावणीच्या भूमीवर हा प्रश्न नवा नाही. १८५७ पूर्वी लखनौची छावणी शहराच्या उत्तरेला मडियांव येथे होती. उठावानंतर ती दिलखुशाच्या परिसरात आली. त्याच सुमारास हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या कामात पुढाकार घेतला होता. लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावतात, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. पुढे छावण्यांच्या आखणीत मोकळी हवा, रुंद रस्ते आणि उंच छताच्या बराकी यांना महत्त्व आले. परंतु मोकळ्या हवेबरोबर धूळही मोकळेपणाने आत येते. तिच्यासाठी हाताशी होती ती केरसुणीच.

धूळ शोषून घेण्याच्या कल्पनेला मोठे यश मिळाले ते १९०१ मध्ये, ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यामुळे. लंडनमध्ये त्यांनी हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. उडालेली धूळ पुन्हा सामानावरच बसत होती. उडवण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असे त्यांनी विचारले. ते अशक्य आहे, असे उत्तर मिळाले. नंतर एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यांनी तोंडाने हवा ओढून पाहिली. ठसका तर लागलाच, पण रुमालावर धुळीचा काळा डागही उमटला. हवा कापडातून पार होते आणि धूळ मागे राहते, हे तत्त्व त्या रुमालाने सिद्ध केले.

बूथ यांचे यंत्र घोडागाडीएवढे होते. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ च्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने स्वच्छ करण्यात आले. मात्र छावणीतील श्रोत्यांना अधिक जवळचा वाटेल असा प्रसंग पहिल्या महायुद्धातील आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौसैनिकांची वसती होती आणि तेथे तापाची साथ पसरली होती. बूथ यांची यंत्रे तेथे लावण्यात आली आणि त्या इमारतीतून सुमारे २६ टन धूळ बाहेर काढण्यात आली. गालिचा उजळण्यासाठी बोलावले जाणारे यंत्र तेथे सैनिकांच्या आरोग्यासाठी राबले.

दुसरे पाऊल पडले ते अमेरिकेत, ओहायो राज्यातील कँटन गावी. जेम्स मरे स्पँगलर तेथील एका दुकानात झाडलोटीचे काम करीत. त्यांना दम्याचा विकार होता आणि सफाईत उडणारी धूळ त्यांना असह्य होई. त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचा रिकामा डबा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून एक यंत्र बनवले. त्यात फिरता ब्रश होता. तो गालिच्यातील धूळ सैल करी, पंखा ती ओढी आणि अभ्रा ती साठवी. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. चामड्याच्या वस्तूंचे व्यावसायिक विल्यम हूव्हर यांनी ते हक्क विकत घेतले आणि हूव्हर हे नाव घराघरांत पोहोचले. बूथ यांचे यंत्र धनिकांच्या दारात उभे राहत होते. स्पँगलर यांचे यंत्र एका माणसाच्या हातात मावले. झाडणाऱ्या माणसाच्या छातीतून निघालेला हा शोध आहे.

या यंत्राला निर्वात हा शब्द चिकटला असला तरी आत खरी पोकळी नसते. पंखा हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीतून आत धावते. तिच्या प्रवाहाबरोबर धूळ येते. नळीचे तोंड अरुंद केले की हवेचा वेग वाढतो. मात्र ते फारच अरुंद झाले किंवा जमिनीला घट्ट चिकटले, तर हवा येणेच थांबते आणि धूळही येत नाही. ओढ आणि प्रवाह यांचा मेळ प्रत्येक कामासाठी निराळा बसवावा लागतो, आणि जोडतोंडांची सारी रचना त्यावरच उभी आहे. १९२१ मध्ये इलेक्ट्रोलक्सने जमिनीवर आडवे राहून घसरपट्ट्यांवर सरकणारे यंत्र बाजारात आणले. यंत्र मागे आणि हातात फक्त नळी, अशी सोय झाल्यावर जोडतोंडांचा उपयोग वाढला. सोफ्याच्या फटीसाठी चपटे तोंड, पुस्तके आणि जाळीदार नक्षी यांसाठी मऊ केसांचा गोल ब्रश, गादीसाठी रुंद तोंड आणि फरशीसाठी ब्रशाची कड असलेले तोंड. कडेचे ते केस फरशीवर ओरखडे पडू देत नाहीत आणि हवेला आत यायला वाटही ठेवतात.

तिसरी अडचण पिशवीची होती. पिशवीच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा जाते आणि धूळ अडते. पण अडलेली धूळच हळूहळू ती छिद्रे बुजवते. पिशवी अर्धी रिकामी असतानाही ओढ मंदावते. लखनौच्या पिठासारख्या धुळीत हे फार लवकर घडते. इंग्लंडमधील जेम्स डायसन यांनी १९७८ मध्ये याच तक्रारीतून कामाला सुरुवात केली. लाकडाच्या गिरणीत भुसा हवेतून वेगळा करण्यासाठी शंकूच्या आकाराचे मोठे पात्र वापरत. त्यात हवा गरगर फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाऊन खाली पडतात आणि हवा मधून वर निघून जाते. हेच तत्त्व घरगुती यंत्रात बसवण्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने तयार केले. इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाचे यंत्र १९९३ मध्ये विक्रीस आले. चूक करून शिकणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना हा आकडा उपयोगी पडावा.

तरीही अतिसूक्ष्म कण भोवऱ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी हेपा गाळणी असते. तिचा उगम १९४० च्या दशकातील अमेरिकी अणुसंशोधनात आहे. ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणे, ही तिची कसोटी. नेमका हाच आकार निवडण्यामागे कारण आहे. याहून मोठे कण सरळ जात तंतूंवर आदळतात, याहून लहान कण हवेत सैरभैर भटकत तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कणच सर्वांत अवघड. पण गाळणीभोवतीचे रबर सैल असेल, तर हवा सोप्या वाटेने निसटते आणि हा आकडा निरर्थक ठरतो. यंत्राच्या मागून बाहेर पडणारी हवा खोलीत बारीक धूळ पसरवत असेल, तर ते यंत्र विजेवर चालणारी केरसुणीच होय.

भारतात हे यंत्र घरोघरी पोहोचवण्यात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीचा मोठा वाटा आहे. दारात येऊन प्रात्यक्षिक दाखवणारे तिचे विक्रेते अनेकांच्या स्मरणात असतील. पण बहुतेक रचना भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेल्या थंड देशांतील घरांसाठी झालेल्या होत्या. आपल्या घरात फरशी असते, सतरंजी असते, कापसाची गादी असते, छताचा पंखा असतो आणि खिडक्या उघड्या असतात. गुळगुळीत फरशीवर ओले फडके आजही उत्तम काम करते, हे मान्य केले पाहिजे. यंत्राचा खरा उपयोग फडके पोहोचत नाही तेथे होतो: गादी, पडदे, पुस्तकांच्या मांडण्या, पंख्याची पाती, कुलरच्या जाळ्या.

येथल्या धुळीसाठी कोणत्या सुधारणा हव्यात, याचा विचार त्यामुळे येथेच व्हायला हवा. नळी आणि यंत्र यांच्या मध्ये झाकण असलेली एक बादली बसवून तिच्यात भोवरा निर्माण केला, तर बरीच धूळ गाळणीपर्यंत पोहोचतच नाही. कारागिरांच्या कार्यशाळांत ही साधी युक्ती वापरली जाते. दुसरी सुधारणा धूळ रिकामी करण्याच्या क्रियेत हवी. दिवसभर पकडलेली धूळ झाकण उघडताच तोंडावर उडत असेल, तर सारे श्रम वाया गेले. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. फक्त कोरड्या कचऱ्यासाठी बनवलेल्या यंत्रात धूळ वाहणारी हवाच सहसा मोटर थंड करते. त्यात पाणी ओढले तर विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. ओल्या कामासाठी वेगळ्या रचनेचे यंत्रच घ्यावे.

लखनौ हे चिकनकारी आणि जरदोजीचे शहर आहे. सांस्कृतिक वारशाच्या जतनाचे तंत्र अभ्यासणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून याच शहरात आहे. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवरील धूळ काढताना एक रीत पाळली जाते: वस्त्रावर मऊ जाळी अंथरतात, यंत्राची ओढ अगदी कमी ठेवतात आणि जाळीवरून हलक्या हाताने तोंड फिरवतात. जाळीमुळे सुटलेला धागा नळीत जात नाही. आजीची पैठणी किंवा जुने निशाण स्वच्छ करताना ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. अधिक जोर म्हणजे अधिक चांगली सफाई, हा समज तेथे गळून पडतो.

आता शाळेकडे वळणे उचित ठरेल. वर्ग झाडण्याची पाळी, भिंतीवर आपटलेले डस्टर आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी खडूची पांढरी भुकटी हे दृश्य मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आहे. त्या पाळीने एक मोलाचा संस्कार दिला: आपला कचरा आपण काढावा आणि झाडणाऱ्या हाताला कमी लेखू नये. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) खराट्याच्या साहाय्याने हाच धडा साऱ्या महाराष्ट्राला शिकवला. लखनौच्या संगीत नाटक अकादमीतील सभागृहालाही त्यांचे नाव आहे. हा संस्कार जपायचाच आहे. मात्र त्या पाळीच्या वेळी मागच्या बाकावर खोकणारी मुले कोणी मोजली नाहीत, हेही तितकेच खरे.

श्रमाचा मान राखायचा, तर श्रम करणाऱ्याचा श्वासही राखायला हवा. शाळेने हीरक महोत्सवी वर्षात एक छोटा संकल्प करावा. डस्टर भिंतीवर आपटण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. वर्ग झाडण्यापूर्वी मुलांनी बाहेर जावे आणि खिडक्या उघडाव्यात. ग्रंथालयातील पुस्तकांसाठी गाळणी असलेले एक यंत्र आणि मऊ ब्रश ठेवावा. आणि विज्ञानाच्या तासाला मुलांना एवढेच विचारावे की आपल्या वर्गातील धूळ जाते कुठे. स्पँगलर यांनी हा प्रश्न साबणाचा डबा आणि उशीचा अभ्रा घेऊन सोडवला होता. या शाळेतील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरीही त्या दोन वस्तू असतीलच.