मेंदूज्वराची नोंदवही

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे आदिलाबाद, म्हणजे आजचें तेलंगण. दोन्ही तीरांवर कापूस तोच, मातीच्या भिंती त्याच आणि त्या भिंतींच्या फटींत राहणारी वाळूमाशीहि तीच. सकाळीं अंगणांत खेळणारें मूल दुपारीं तापानें फणफणावें, त्याला झटके यावेत आणि दुसऱ्या दिवसाचा सूर्य त्यानें पाहूं नये, असा मेंदूचा आजार ही माशी पसरविते. माशीला नदी आडवी येत नाहीं. आजाराच्या नोंदी मात्र बहुधा आपापल्या राज्याच्या, किंबहुना आपापल्या रुग्णालयाच्या कपाटांत पडून राहतात.

या आजाराच्या विषाणूचें नांव चांदीपुरा. १९६५ सालीं नागपूर भागांत तापाची सांथ आली असतां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तांत एक अपरिचित विषाणु आढळला. १९६७ सालीं त्यांनीं ती हकीकत प्रसिद्ध केली. मुलांचा मेंदू ग्रासणारा म्हणून तेव्हां त्याची ख्याति नव्हती. तरीहि तो जपून ठेवण्यांत आला, आणि त्याचें वर्णन सर्व जगापुढें मांडलेलें होतें.

या जपणुकीचें मोल २००३ सालीं कळलें. त्या वर्षीं जून ते ऑगस्टपर्यंत त्या वेळच्या आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें मेंदूच्या तीव्र आजारानें पडलीं आणि त्यांपैकीं १८३ दगावलीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें (त्याच जुन्या केंद्राचें हें पुढचें नांव) मुलांच्या नमुन्यांतील विषाणु अडतीस वर्षांपूर्वींच्या विषाणूशीं ताडून पाहिला. तो चांदीपुराच निघाला! १९६५ ची नोंद कोणीं रद्दी म्हणून टाकली असती, तर ही ओळख इतकी लवकर पटली असती काय?

ओळख पटली तरी वाद मिटला नाहीं. हा मेंदूचा दाह आहे, कीं मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर पडलेला अचानक घाला आहे, असा प्रश्न वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन आणि अन्य कांहीं वैद्यांनीं उपस्थित केला. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. मूल रुग्णालयांत पोंचल्यावर पहिल्या कांहीं तासांत काय करावयाचें, तें या उत्तरावर अवलंबून असतें. असा वाद वक्तृत्वानें सुटत नाहीं. मेंदूच्या प्रतिमा, मणक्यांतून काढलेल्या पाण्याची तपासणी, झटका कोणत्या घटकेस आला त्याची नोंद, हें सारें अनेक गांवांतून एकत्र येऊन एकाच पटावर मांडलें गेलें पाहिजे. २००७ सालीं नागपूर विभागांत आणि २०२४ सालीं गुजरातेंत हा आजार पुन्हां आला. प्रत्येक वेळीं नव्यानें पाटी कोरी करून बसणें परवडणारें नाहीं.

तथापि दार सताड उघडें टाकणें हेंहि योग्य नव्हे. केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यांतील एखादें कोलामांचें पोड डोळ्यांपुढें आणावें. घरें थोडीं, माणसें एकमेकांस ओळखणारीं. नोंदींतून मुलाचें नांव खोडलें, पण जमात, वय, तालुका आणि महिना ठेविला, तर तें मूल कोणाचें हें अवघ्या पोडास कळेल. मेंदूच्या प्रतिमेची गोष्ट याहून नाजूक आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत ८४ स्वयंसेवकांच्या प्रतिमांवरून यंत्रानें त्यांचे चेहरे घडविले आणि छायाचित्रांशीं ताडून ७० जण अचूक ओळखले. म्हणून प्रतिमा बाहेर देण्यापूर्वीं तींतील चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो. गांवाच्या नांवाचेंहि तसेंच. चांदीपुरा हें नांव विषाणूला कायमचें चिकटलें. रोगांना स्थळांचीं नांवें देऊं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें तें २०१५ सालीं!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाची संमति आणि गुप्तता यांवर भर आहे. परंतु मूल झटक्यांनीं तडफडत असतां आईनें उमटविलेल्या अंगठ्याला समजून दिलेली संमति म्हणावें काय? उपचारासाठीं घेतलेली संमति एक, आणि तीच माहिती पुढें परक्या संशोधकांच्या हातीं देण्याची संमति दुसरी. ही दुसरी संमति मूल सांवरल्यावर, किंवा दुर्दैवानें न सांवरल्यास घरचें दुःख थोडें ओसरल्यावर, निवांत मागितली पाहिजे. आणि नकार आला तर तो निमूटपणें लिहून घेतला पाहिजे. शिवाय कोलामी हीच जिची बोली आहे, त्या आईला मराठी छापील कागद वाचून दाखविणें पुरेसें नाहीं. तिच्या मुलाच्या नमुन्यांतून पुढें काय निष्पन्न झालें, तें सांगावयास तिच्या बोलींत बोलणारें कोणी तरी पुन्हां पोडावर गेलें पाहिजे. आणि पुढचा पावसाळा लागण्यापूर्वीं त्यानें भिंतींच्या फटीहि बुजवून घ्याव्यात.